दोन आरमारांमधले गलबत

मित्रांनो, मी एक जुने गलबत आहे. आखाताच्या तोंडाशी असलेल्या केश्म बेटाच्या खाडीत, तिवरांच्या झाडांपाशी, एका कुशीवर पडलेले आहे. भरतीचे पाणी माझ्या पोटात शिरते आणि ओहोटीला तसेच निघून जाते. खेकड्यांनी माझ्यात संसार मांडला आहे. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझे लाकूड मलबारच्या सागाचे, म्हणजे तुमच्याच बाजूच्या किनाऱ्याचे. गुलू सुताराने आणि त्याच्या चार गड्यांनी दीड वर्ष खपून मला ओल्या वाळूवर उभे केले. गुलूला लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर एक रेघ न ओढता, नुसत्या नजरेच्या अंदाजाने तो फळी वाकवायचा. मी शंबे नाखव्यासाठी बांधले जात होते. त्याची बायको महताब रोज येऊन माझ्याभोवती फेरी मारायची. आमच्याकडच्या बायका घालतात तशा लाल मुखवट्याआडून तिचे डोळे माझी एकेक फट शोधायचे.

"गुलूदादा, ही बाजू पोट सुटल्यासारखी दिसतेय."

"तुझ्या नवऱ्यासाठीच बांधतोय ना? मग त्याला शोभायला नको?"

माझ्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकला, अंगाला मुशी माशाचे तेल चोपडले, आणि साऱ्या गावाने दोर ओढून मला पाण्यात लोटले. दोर ओढणाऱ्यांच्या पुढे मुबारक ढोल वाजवत होता. हा शंबेचा खलाशी. उंच, हडकुळा. लग्न असो की कुणाच्या अंगात वारे शिरलेले असो, मुबारकच्या ढोलावाचून गावाचे पान हलत नसे. पण माणूस मुलखाचा भित्रा. बंदूक नुसती दिसली तरी त्याला उचकी लागायची.

पंधरा वर्षे शंबे, मुबारक आणि मी, आम्ही तिघांनी सुखाने काढली. मिनाबच्या बागांतली सुकवलेली लिंबे, खजूर, मासळी घेऊन मी दुबईला जायचे. येताना कापड, चहा, भांडी आणायचे. एकदा तर नवरी आणली. ती सबंध प्रवासभर ओकत होती आणि मुबारक तिला सुकी लिंबे हुंगायला देत होता.

मग उत्तरेला लढाई पेटली. दोन शेजारी एकमेकांची तेलवाहू जहाजे जाळू लागले. जगाचे तेल आमच्या अरुंद समुद्रातून जाते, म्हणून दूरच्या एका बड्या देशाचे आरमार आले. ते आले म्हणून त्याच्या वैऱ्याचे आरमार आले. आमच्या बाजूच्या गस्तीच्या नौकाही वाढल्या. प्रत्येक जण वायरलेसवर हेच सांगायचा, की आम्ही या पाण्याच्या सुरक्षेसाठी आहोत.

"नाखवा," मुबारकने एकदा विचारले, "पाण्याला झालंय तरी काय?"

"काही नाही रे. पाहुणे फार झालेत."

लढाईच्या सातव्या वर्षी एका सकाळी आमच्यासमोर एक तेलवाहू जहाज पेटले. पाण्यावर तेल पसरले होते आणि त्या तेलात माणसे हातपाय मारत होती. शंबेने क्षणभर माझे सुकाणू घट्ट धरले. मग त्याने मला सरळ त्या धुरात घातले. मुबारक उचक्या देत होता. उचक्या देतच त्याने कमरेला दोर बांधला आणि उडी मारली. अकरा माणसे आम्ही वर काढली. माझ्या सगळ्या फळ्या काळ्या झाल्या. त्यातला एक खलाशी तुमच्या रत्नागिरीकडचा होता. पोटातले पाणी बाहेर पडल्यावर तो आधी "आई गं" म्हणाला, मग मुबारकचा हात धरून रडला.

दूरच्या देशाच्या लढाऊ जहाजाने ती माणसे ताब्यात घेतली. एका गोऱ्या अधिकाऱ्याने शंबेचा हात हातात घेतला आणि त्याला शिक्का मारलेला एक कागद दिला. शंबेने तो काचेत बसवून माझ्या सुकाणूपाशी ठोकला. माझ्या आयुष्यातली ती एकच शाबासकी. खोटे का सांगू, मला अभिमान वाटला.

महताबने तो पाहिला. "काय लिहिलंय यात?"

"आपली स्तुती आहे."

"तुला वाचता येतं?"

"नाही."

"मग स्तुती आहे की शिवी, ते कसं कळलं? काढ तो. या दिवसांत परक्याचा कागद अंगावर बाळगू नये."

शंबे हसला. त्याने तिचे ऐकले असते तर!

महिन्याभरातच आमच्याच बाजूच्या गस्तवाल्यांनी मला अडवले. त्यांच्या साहेबाने तो कागद शांतपणे दोनदा वाचला.

"शत्रूची शाबासकी काचेत घालून मिरवतोस?"

"साहेब, माणसं बुडत होती."

"कुणाची माणसं?"

"बुडणाऱ्याला विचारलं नाही, साहेब."

शंबेला घेऊन गेले. चाळीस दिवस मी धक्क्याला बांधलेले होते. मुबारक येऊन माझ्या पोटातले पाणी उपसायचा आणि निघून जायचा. शंबे परतला तेव्हा त्याचे पुढचे दोन दात नव्हते आणि दाढी पांढरी झाली होती. त्याच्यामागून गस्तीचा साहेब आला. त्याने माझ्या डोलकाठीवर उंच अँटेना बसवून घेतली आणि आत एक वायरलेस ठेवला. परक्यांची जहाजे कुठे दिसतात, कुणीकडे जातात, ते रोज कळवायचे. नाही कळवले, तर समुद्र बंद.

"तू आपला आहेस, एवढंच सिद्ध कर," साहेब म्हणाला.

शंबेने सिद्ध काय केले, सांगते. तो रोज वायरलेस उचलायचा आणि कळवायचा, "आज धुकं आहे. काही दिसत नाही." डोक्यावर लख्ख ऊन असायचे, लढाऊ जहाज हाकेवर असायचे, आणि शंबे धुक्याची खबर द्यायचा. मुबारक तोंडात रुमाल कोंबून हसायचा. "नाखवा, उद्या बर्फ पडलं म्हणून सांग." शेवटचे हसणे ते तेवढेच.

त्या दुपारी माझ्यात लिंबांच्या ऐंशी गोण्या होत्या. वारा पडला होता. एक हेलिकॉप्टर आमच्यावर घिरट्या घालू लागले. कर्ण्यातून कुणीतरी ओरडत होते, पण ती भाषा आम्हा तिघांपैकी कुणालाच कळत नव्हती. शंबेने डोक्याचे फडके सोडून हलवले. हेलिकॉप्टर आणखी खाली आले.

"यांना गोण्यांत काय आहे ते बघायचंय बहुतेक," मुबारक म्हणाला. "दाखवू?"

"दाखव. सावकाश."

मुबारकने एक गोणी उचलून खांद्यावर घेतली आणि तोंड वर केले. उचक्यांनी त्याचे सगळे अंग हलत होते. गोणीचे तोंड त्याने हेलिकॉप्टरकडे वळवले, आतले दिसावे म्हणून.

गोळ्या आल्या. माझ्या उजव्या कुशीत सतरा भोके पडली, इंजिन फुटले, डोलकाठी अर्धी तुटली. मुबारक गोण्यांना टेकून बसला. त्याची उचकी थांबली होती. शंबेचा डावा खांदा गेला होता. तो उजव्या हाताने मुबारकच्या छातीवर फडके दाबत राहिला आणि त्याच्याशी बोलत राहिला. लिंबे माझ्या भोकांतून एकेक करून समुद्रात पडत होती. संध्याकाळी मासेमारीच्या एका होडीने आम्हाला ओढत किनाऱ्याला आणले.

दूरच्या देशाने जाहीर केले की, शत्रूच्या हेर नौकेवर मोठी अँटेना होती, वारंवार इशारा दिला होता, आणि खांद्यावर शस्त्र घेतलेला इसम दिसल्याने सुरक्षेसाठी गोळीबार करावा लागला. कुणी चूक झाली म्हणाले नाही. आमच्या बाजूने जाहीर केले की, शूर मुबारकने शत्रूला ललकारून वीरमरण पत्करले. शहराच्या चौकात त्याचे भिंतभर चित्र काढले. रंगाऱ्याने त्याच्या हातात बंदूक दिली. मित्रांनो, मुबारकने स्वतःचे ते चित्र पाहिले असते, तर त्याला उचकी लागली असती.

काही दिवसांनी गस्तीचा साहेब खाडीवर आला. शंबे एका हाताने माझ्या भोकांत कापूस भरत होता. महताब त्याला कापूस भिजवून देत होती.

साहेबाने कागद पुढे केला. "अंगठा दे. गलबत सरकार दुरुस्त करून देईल. नवं इंजिन देईल."

"वाचून दाखवा," महताब म्हणाली.

साहेबाने वाचले. मोहीम, शत्रू, प्रतिकार, बलिदान.

शंबेने लक्ष देऊन ऐकले. "यात लिंबं कुठे आहेत?"

"कसली लिंबं?"

"बोटीत लिंबं होती, साहेब. मिनाबची, ऐंशी गोण्या. मुबारकच्या खांद्यावर गोणी होती. ते लिहा, मी अंगठा देतो."

"लिंबांपायी कुणी हुतात्मा होत नसतो, म्हाताऱ्या."

"तेच तर सांगतोय मी. तो लिंबं घेऊन चालला होता."

साहेबाने कागदाची घडी घातली. "तुझी बोट इथंच कुजेल," तो म्हणाला आणि गेला. महताबने तेलकट हात पुसले आणि शंबेचा धड असलेला हात धरून त्याला घरी नेले.

साहेबाचे शब्द खरे झाले. मी इथेच कुजले. लढाई संपली, आरमारे मात्र गेली नाहीत. निशाणे बदलली, नवे वैरी आले, जहाजे मोठी झाली. समुद्र अजून सुरक्षित व्हायचाच आहे, असे म्हणतात. सुतारकाम जाणणारे आता गावात कुणी उरले नाही. गुलू गेला. महताब गेली.

मित्रांनो, मला मुशीचे तेल लावा, माझी डागडुजी करा, असे मी म्हणणार नाही. माझे आता काही होण्यासारखे नाही. पण शंबे अजून आहे. नव्वदीला टेकला आहे. रोज ऊन उतरल्यावर येऊन माझ्यापाशी बसतो. शहरातले लोक माझे फोटो काढायला येतात. मोडके गलबत, मागे तिवरे, पलीकडे तेलाची जहाजे. त्यांना ते फार आवडते. ते शंबेला म्हणतात, "बाबा, जरा बाजूला होता का?" आणि तो उठून बाजूला होतो.

तुम्ही कधी आलात, तर त्याला बाजूला करू नका. त्याच्याजवळ बसा. मुबारक कोण होता, ते विचारा. तो हळू बोलतो, दात नाहीत, मधेच थांबतो. घाई करू नका. आणि तो सांगेल तसेच लिहून घ्या. आपल्या मनाचे एक अक्षरही त्यात घालू नका.