पत्र्याखालची बातमी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. सध्या माझ्यावर कोंबड्या बसतात, तेव्हा माझा मूळ रंग विचारू नका. शाळेनं मला टाकून दिलं, तेव्हा सायकली दुरुस्त करणाऱ्या संघपालनं उचललं, काळा रंग दिला आणि बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या एस.टी. थांब्यासमोर, आपल्या दुकानाच्या भिंतीवर ठोकलं. शाळेत मी नुसते पाढे सोसले होते. इथं मी गावाचा बातमीफलक झालो.

रोज सकाळी संघपाल खडूनं लिहायचा. कालव्याला पाणी कधी सुटणार, ऊसतोडीची टोळी कुठल्या शिवारात आली, कोण वारलं. सरपंच विजयसिंहांनी पाण्याची टाकी बांधली तेही त्यानं लिहिलं, आणि टाकीला झाकण बसवायचं राहिलं तेही. बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी तसं सगळ्यात वर लिहायचा.

दत्तोबा तात्या हे माझे सगळ्यात खाष्ट वाचक. पाणी सुटल्याचं वाचलं की स्वतः कालव्यापर्यंत पायपीट करून यायचे आणि मगच म्हणायचे, "व्हय, फळा खरं बोलतोय." त्यांनी मान डोलावली की गाव शेतात पाण्याची दारं धरायला निघायचं. माझ्यावर शंका घेणाऱ्या या म्हाताऱ्याचा मला फार अभिमान वाटे.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दुपारचं ऊन माझ्यावर पडायचं, अक्षरं दिसायची नाहीत. विरोधी पॅनेलच्या संभाजीरावांनी वर पत्रा घालून दिला. पत्र्याच्या कडेला त्यांचं नाव ठसठशीत रंगवलेलं होतं. "सावली कुणाची का असंना, लिवणार तर मीच हाय," संघपाल म्हणाला. भोळाच तो! निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडं कुणी कुणाचा चहा प्यायला तरी त्याचं पॅनेल ठरतं. माझ्यावर तर छप्परच आलं होतं.

त्याच आठवड्यात संघपाल एका सकाळी धापा टाकत आला. टाकीत डोकावून तो ग्रामपंचायतीत सांगायला गेला होता, तिथून त्याला हुसकावून लावलं होतं. त्यानं माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'टाकीत कबुतरं मरून कुजली आहेत. पाणी पिऊ नका. खोटं वाटत असेल त्यांनी शिडी चढून बघावं.'

लोक जमले. त्यांनी आधी पत्रा वाचला, मग मला वाचलं आणि हसले.

"टाकी विजयसिंहाची, पत्रा संभाजीचा. मग दुसरं काय लिवणार?"

शिडी तिथून दिसत होती. कुणी चढलं नाही.

तेवढ्यात तात्यांची सून बानूबाई हंडा घेऊन आली. तिची छकुली पदर धरून मागं चालत होती. बानूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "मामंजी, काय लिवलंय ओ?"

मला वाटलं, आता तात्या टाकीकडं निघतील. कालव्यापर्यंत जाणारा माणूस, टाकी तर रस्त्यापलीकडं होती. तात्यांनी मान वर करून पत्र्याकडं बघितलं.

"काय न्हाय, इलेक्शनचं हाय. जा, पानी भर."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरली. टेम्पोत घालून माणसं बारामतीला नेली. बहुतेक जण परत आले. छकुली आली नाही.

संघपालनं पत्रा उचकटून फेकून दिला. मग खडू घेऊन उभा राहिला. दत्तोबा तात्या येऊन समोर मातीत बसले.

"लिव," ते म्हणाले. "तिचं नाव लिव."

संघपालनं लिहिलं. तात्या ती एकच ओळ बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "संघपाल, ही बातमी कुनाच्या बाजूची रं?"

संघपालनं खडू खाली ठेवला. त्यानंतर त्यानं माझ्यावर कधी लिहिलं नाही. वर पत्रा नव्हता, म्हणून पहिल्याच वळवात छकुलीचं नाव धुऊन गेलं. पुढं मला भिंतीवरून काढून खुराड्यावर टाकलं.

मित्रांनो, फळ्यावर पत्रा कुणाचा आहे ते जरूर बघा, चारचौघांत विचारासुद्धा. पण तेवढ्यानं बातमी खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. तात्या कालव्यावर जायचे तसे उठा आणि डोळ्यांनी बघून या. ती शिडी अजून टाकीला टेकून उभी आहे.