गोमाच्या गळ्यातली शिट्टी

"शिट्टी कशाला दिलीय त्याला?" कीर्तीने विचारलं. निमेशसरांनी स्क्रीनवरून नजरही न काढता सांगितलं, की टाक्यांपाशी वायूचा वास आला की गोमा वाजवेल, गेटवरचा माणूस भोंगा देईल. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे, मॅडम."

तारापूरच्या त्या केमिकल कारखान्यात नेटवर्कचं काम कीर्तीकडे होतं. टाक्यांपाशी वायू गळला की गेटवरच्या पॅनेलला कळवणारी फायबरची एकच तार. तिच्या दोन टोकांना बोटाएवढे दोन मॉड्यूल, एक निळ्या कडीचा, एक पिवळ्या. एकाने पाठवलेला उजेड दुसऱ्याने ओळखायचा, अशी ती जोडी. वीज पडली आणि दोन्ही जळाले. खरेदी सरांकडे. त्यांनी कंपनी तीच, वेग तोच, पोर्टात चपखल बसणारे नवे मागवले, आणि दोन्ही निळेच. दोन विहिणी समोरासमोर बसवाव्यात तसं झालं: दोघी बोलणाऱ्या, ऐकणारी कुणीच नाही.

सरांना चूक कळली होती. पिवळा मागवलाही होता, तो चार दिवसांत येणार होता. पण तोवर टाक्या बंद ठेवायच्या? छे. ऑफिसच्या नेटच्या तारेतही अशीच जोडी आहे, तिच्यातला पिवळा काढू का, असं कीर्तीने सकाळीच विचारलं, तर सर हसले. ऑफिसचं नेट कसं बंद ठेवणार? त्यापेक्षा त्यांनी तार मेल्यापासून चाललेली पॅनेलची पिंपिं बंद केली आणि गोमाला टाक्यांपाशी बसवलं. माणसाचं नाक काय, मागवावं लागत नाही.

दुपारी ती डबा घेऊन टाक्यांच्या कुंपणाबाहेर गोमाजवळ जाऊन बसली. दातिवऱ्याहून आईने पाठवलेले भाजके बोंबील. हा डबा कँटीनमध्ये उघडला की अर्धी टेबलं उठायची, सर तर जिन्यावरूनच मागे फिरायचे. तिने तो उघडून गोमापुढे सरकवला. कंत्राटातला जुना माणूस, डोंगराकडचा. डब्याकडे न बघता तो कुंपणापलीकडच्या टाक्यांकडे बघत होता.

"काय आणलाय बाय? भेंडी?"

कीर्तीचा घास हातातच राहिला.

"गोमादादा, वास नाय येत तुमाला?"

त्याने आधी गेटकडे पाहिलं. "कवाच गेला. एवढी वर्सा ड्रम धुतले ना. कुनाला सांगू नको, बाय. बसाचा काम पयल्यांदाच गावलाय."

तिने झाकण लावलं. थेट ऑफिसात गेली, तिथल्या तारेतला पिवळा उपसला आणि टाक्यांपाशी आणून बसवला. गेटवरच्या पॅनेलवर हिरवा दिवा लागला.

फोन लगेच वाजला. "मॅडम, ऑफिसचं नेट गेलंय. कुणी काय काढलं?"

"मी काढला, सर. चार दिवसांचा तर प्रश्न हाय. तवर तुमी शिट्टी वाजवा."

तिने फोन ठेवला. गोमा शेजारी येऊन उभा राहिला होता.

"मंग मी उद्या बसाचा नाय इथं?"

गोमाने गळ्यातली दोरी काढली, एकदाही न वाजवलेली शिट्टी सदऱ्याला पुसली, तिच्या तळहातावर ठेवली आणि बाह्या दुमडत ड्रमांकडे चालू लागला.