फडक्यात टांगलेला लगदा

आमच्या सुधीरला स्वयंपाकातलं एकच काय ते येतं, श्रीखंड. एरवी बँकेत मॅनेजर असलेला माझा हा नवरा पाडवा आला की स्वतःला बल्लवाचार्य समजतो. आदल्या संध्याकाळी मलमलच्या फडक्यात दही बांधून नळाला टांगणार, आणि "शर्मे, तू यात पडू नकोस" म्हणून मला स्वयंपाकघराबाहेर काढणार. बरं बाबा, नाही पडत!

मी लखनौच्या एका प्रयोगशाळेत कमळकाकडीवर काम करायचे. कमळकाकडी मोडली की बारीक तार निघते ना, ती आणखी सुटी करत केसाहून हजारपट बारीक करायची. त्या तंतूंचा पांढरा लगदा गोठवून सुकवला की जाळीदार स्पंज होतो. त्यात माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवायच्या, पुढे कधीतरी भाजलेल्या माणसाच्या अंगावर लावायचा. कागदावर सगळं झकास! प्रत्यक्षात पेशींच्या खाद्याच्या त्या लाल द्रवात टाकला की मेला तुकडे तुकडे होऊन पसरायचा.

आमचे प्रमुख सक्सेनासाहेब शेवटी वैतागले. "शर्मिष्ठाजी, बस एक बार और. फिर प्रोजेक्ट बंद." बंद म्हणजे मी टेबलाशी बसून दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासायचे.

त्यातच प्रयोगशाळेची शीतखोली बिघडली. उरलेला सगळा लगदा मी घरच्या डब्यात भरून इंदिरा नगरला घरी आणला आणि फ्रिजमध्ये ठेवला. तसलाच डबा दह्याचाही होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाडव्याच्या सकाळी सुधीर हातात गाठोडं घेऊन उभा. "अगं, चक्का आंबटच नाहीये. चाखून पाहिला."

"चाखलास? अरे देवा, सुधीर, तो माझा लगदा आहे!"

मी इतकी ओरडले की शेजारच्या मिश्राभाभी "सब ठीक है ना?" करत दारात आल्या. सुधीरचा चेहरा पार उतरला. मला रडूच फुटलं. नवा लगदा करायला कित्येक आठवडे लागतात, आणि साहेब थांबायला तयार नव्हते. श्रीखंड राहिलं बाजूला. मी ते गाठोडं उचललं आणि ऑटोने तडक प्रयोगशाळा गाठली.

फेकून द्यायला मन होईना. आहे तसा गोठवला, सुकवला, निर्जंतुक केला आणि लाल द्रवात सोडला. दुसऱ्या दिवशी भीत भीत झाकण काढलं. स्पंज अख्खाच्या अख्खा! चिमट्याने दाबला तर दबला, सोडला तर पुन्हा फुगला. मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही मशीनमध्ये गरगर फिरवून पाणी काढायचो, त्यात तळाशी घट्ट आणि वर पातळ व्हायचं. फडक्यातून पाणी सावकाश निथळलं आणि तंतू सगळीकडे सारखे एकमेकांत गुंतले.

इतके दिवस सुधीर घरात चोरासारखा वावरत होता. "चहा टाकू का?" यापलीकडे बोलायची त्याची छाती होत नव्हती. पेशी धरतात की नाही ते कळेपर्यंत मीही त्याला काही सांगितलं नव्हतं. त्या स्पंजात पेशी सोडल्याला आठवडा झाला तेव्हा मी त्याला बँकेत फोन केला आणि लगेच ये म्हटलं. बिचारा घामाघूम होऊन आला. त्याला वाटलं, साहेबांची माफी मागायची आहे.

मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तंतूंना घट्ट धरून, हातपाय पसरून पेशी मजेत बसल्या होत्या.

"या जिवंत आहेत?" त्याने हळूच विचारलं.

"जिवंत आहेत. वाढतायत. तू टांगलेल्या लगद्यावर."

तेवढ्यात सक्सेनासाहेब मागून म्हणाले, "प्रोजेक्ट चलेगा. अगली बार भी ऐसे ही टांगिए."

मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांदेखत सुधीरला मिठी मारली. चारचौघांत कधी हातही न धरणारा तो माणूस, पण त्यानेही मला सोडलं नाही.