पुसलेली चौदा शून्यं

मी एक जुना पांढरा फळा आहे, आणि मित्रांनो, मी स्वतःहून कधीच खोटं बोललेलो नाही. माझ्यावर जे लिहिलं जातं, तेच मी दाखवतो.

अकरा वर्षांपूर्वी मला या हॉकी संघाच्या बैठकीच्या खोलीत आणलं, तेव्हा भिंतीत स्क्रू धरेनात. संघात नव्यानेच आलेला एक बचावपटू बूट काढून बाकावर चढला आणि चारही स्क्रू आवळून त्याने मला पक्कं बसवलं. त्या दिवसापासून त्याचं नाव 'खिळा' पडलं. "अरे, स्क्रू आहेत ते!" तो म्हणायचा. कोण ऐकतो! मैदानावरही तो तसाच, जागा सोडायचा नाही. गोल त्याने क्वचितच केला, म्हणून माझ्यावर त्याचं नाव फारसं आलं नाही. न झालेल्या गोलांचा रकाना माझ्यावर कुणी आखलाच नव्हता.

यंदा वरच्या गटात टिकायला उरलेल्या सहापैकी तीन सामने जिंकणं भाग होतं. दुसऱ्या एका संघात गोल करणारा एक हुन्नरी खेळाडू होता. लहर आली की एकटा सामना फिरवायचा. तो संघ त्याला द्यायला तयार होता, पण बदल्यात खिळा मागत होता.

आकडेवारी ठेवणाऱ्या ताईने माझ्यावर वीस रकाने आखले, एका सामन्याला एक. सहा रकान्यांत मिळून त्या हुन्नरी खेळाडूचे सोळा गोल. उरलेल्या चौदांत शून्य. आठवडाभर ते तसंच होतं.

बैठकीला व्यवस्थापक आले. "अगं, हे काय जंतरमंतर? एक आकडा सांग."

"सर, एका आकड्यात तो मावत नाही."

"मावव. सरासरी काढ."

ताईने तळहाताने सगळं पुसलं आणि लिहिलं: सामन्याला ०.८ गोल. आकडा अचूक होता. तेच वाईट झालं.

"म्हणजे जवळजवळ एक गोल ठरलेलाच!" व्यवस्थापक खूश.

प्रशिक्षक पुटपुटले, "आणि खिळ्याच्या जागी कोण?"

"खिळे काय, पाहिजे तेवढे मिळतात!"

खिळा दाराशीच उभा होता. तो आत आला, त्याने आपली पिशवी उचलली आणि जाता जाता माझा सैल झालेला स्क्रू अंगठ्याने चाचपला.

नव्या खेळाडूने पहिल्याच सामन्यात चार गोल केले. पुढच्या पाच सामन्यांत एकही नाही. आमच्या गोलात मात्र रांग लागली. पाचही हरलो, खालच्या गटात गेलो.

त्या दिवशी तो नवा खेळाडू माझ्यासमोर मान खाली घालून बसला. "ताई, खरं सांगू? कधी जमणार, ते मलाही आधी कळत नाही."

"मला माहीत होतं," ताई म्हणाली. "लिहिलंही होतं."

"फळ्यावर तर छान दिसत होतं!" व्यवस्थापक ओरडले आणि त्यांनी डस्टर माझ्यावरच भिरकावलं.

आता मी तिरपा लटकतो. आठवडाभर राहिलेली शाई पुरती जात नाही. सकाळी खिडकीतून आडवा उजेड आला, की ०.८ च्या मागे ती चौदा शून्यं अजून दिसतात.

मित्रांनो, फळा खुशाल पुसा, तो असतोच त्यासाठी. पण आधी पूर्ण वाचा. आणि कुणाला जमलं तर माझा एवढा एक स्क्रू आवळा. ज्याला जमायचं, त्याला आम्ही देऊन टाकलंय.