मळकी कड

"आत्या, अहो, निदान उघडून तरी बघा!"

सूनबाईचा धीर सुटत चालला होता. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचे तीन ढीग होते. तिच्यासारख्याच मुलांना घरी शिकवणाऱ्या तीन कुटुंबांकडून तिने ते आठ दिवसांच्या बोलीवर मागून आणले होते. यातला कुठला अभ्यासक्रम घ्यायचा आणि कुठल्या मुलाला कितवी पातळी, हे ठरवून फॉर्म शनिवारी टपालात पडायला हवा होता. आणि आत्या एकही पुस्तक न उघडता, एकेक उचलून खिडकीच्या उजेडात आडवं धरत होती आणि परत खाली ठेवत होती.

"उघडायचं कशाला?" आत्या म्हणाली. "बंद पुस्तकच जास्त बोलतं."

"काय बोलतं?" म्हणत धाकट्या ढब्बूने लगेच एका पुस्तकाला कान लावला.

आत्या ही खरं तर मुलांच्या बाबांची आत्या. मुलं तिला आत्याआजी म्हणत. एक्केचाळीस वर्षं तिने पुस्तकं बांधायच्या कारखान्यात काढली. छापलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, घड्या शिवायच्या, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. कारखाना बंद पडला तेव्हा भाच्याने तिला आपल्याकडे आणलं. ती आली एक ट्रंक आणि एक जुनी लाकडी पकड घेऊन. पकड म्हणजे पुस्तक दाबून धरायचा स्क्रूचा साचा. भाच्याचं काम पूल बांधणाऱ्या कंपनीत. एक पूल झाला की बिऱ्हाड दुसऱ्या पुलाकडे. चार वर्षांत मुलांच्या तीन शाळा झाल्या, तेव्हा सूनबाईने पदर खोचला आणि म्हणाली, "पुरे झालं. आता मीच शिकवते."

"इकडे या," आत्याने मुलांना जवळ बोलावलं. "ही समोरची कड बघा. पुस्तक जिथवर वाचलं जातं ना, तिथवर ती बोटांनी मळते. पुढे पांढरी ती पांढरीच. आमच्या कारखान्यात वाचनालयांची पुस्तकं दुरुस्तीला यायची. कुणी कुठवर वाचून सोडलंय ते आम्ही न उघडता सांगायचो."

पहिला ढीग होता चकचकीत, रंगीबेरंगी. आत्याने कडेवरून अंगठा फिरवला. "पहिली वीस पानं. मग आई आणि मूल, दोघांनीही हात टेकले."

दुसऱ्या ढिगातलं पुस्तक तिने उजेडात धरलं आणि ती घोटाळली. "हे काय? याची नुसती शेवटची पानंच मळलीत."

"शेवटी उत्तरं असतात, आत्याआजी," थोरला गंभीरपणे म्हणाला. दहा वर्षांचा तो, पण त्याला सगळे पंडित म्हणत, ते उगीच नव्हे.

सूनबाईला हसू आवरेना. चार दिवस खपून तिने तिन्ही अभ्यासक्रमांचा तक्ता केला होता, रेघा मारून, दोन रंगांत. तो तिने मुकाट्याने घडी करून ठेवला. तिसऱ्या ढिगातली पुस्तकं साधी, तपकिरी पुठ्ठ्याची. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कड सारखी करडी होती, आणि मध्येमध्ये तर काळी.

"हे घे," आत्या म्हणाली. "यात पोरं शेवटपर्यंत टिकलीत."

अभ्यासक्रम ठरला. राहिल्या पातळ्या. प्रत्येकाने मागच्या वर्षीचं आपलं वाचनाचं पुस्तक आणून वाचून दाखवायचं, असं सूनबाईने फर्मान काढलं. पंडितने घडाघडा वाचलं आणि न विचारता पुढचा धडाही वाचला. त्याला पाचवी पातळी. साडेपाच वर्षांचा ढब्बू एकेका अक्षरापाशी थांबून, ओठ मुडपून, घाम पुसत दोन ओळी गेला. त्याला पहिली.

मधली आठ वर्षांची. तिला टकळी म्हणत, कारण तोंडाची टकळी झोपेतसुद्धा थांबायची नाही. ती उभी राहिली आणि तिने अख्खी कोल्ह्याची गोष्ट वाचली. कोल्ह्याचा आवाज वेगळा, कावळ्याचा वेगळा, म्हातारीचा तर असा खोकत की ढब्बू हसून खुर्चीवरून घसरला.

"हिला तिसरी, प्रश्नच नाही," सूनबाई खुशीत म्हणाली.

पुस्तकं आवरायचं काम आत्याने सवयीने आपल्याकडे घेतलं. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही, हा सूनबाईचा दंडक. तरी वर्षभरात पंडितच्या पुस्तकाची कड करडी झाली होती. ढब्बूच्या पुस्तकावर तर सगळं जगच सांडलेलं. टकळीचं पुस्तक मात्र कारखान्यातून कालच यावं तसं पांढरं होतं. आत्याने ते दोनदा उजेडात धरलं आणि ढिगात न ठेवता आपल्याजवळ ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकळी मागच्या दारच्या पायरीवर शेंगदाणे सोलत बसली होती. आत्या गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश शेजारी बसली. हातात तेच पुस्तक. तिने कोल्ह्याची गोष्ट उघडली आणि चित्रावर आपला तळहात ठेवला.

"ही ओळ वाच बघू."

टकळीने गोष्टीची पहिली ओळ म्हटली.

"ती वरची झाली. मी बोट ठेवलंय ती."

टकळी थांबली. त्या घरात इतकी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती.

"अक्षरं हलतात," ती शेवटी म्हणाली. "मी बघायला लागले की एकमेकांत शिरतात. दादाच्या जुन्या पुस्तकात याच गोष्टी आहेत. तो मोठ्याने वाचतो ना, ते मला सगळं पाठ होतं."

"आईला माहीत नाही?"

"नको सांगूस!" तिने आत्याचं मनगट धरलं. "बाबा म्हणाले होते, घरी जमलं नाही तर परत शाळेत. तिथे मला बारक्यांच्या बाकावर बसवलं होतं. माझे गुडघे मावत नव्हते. सगळे बघायचे."

आत्याला वाटलं, आपल्याच आतून कुणीतरी बोलतंय. आत्या तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. मास्तर तिच्या वडिलांना म्हणाले होते, "हिचं डोकं चालत नाही, हात मात्र चालतात." पुढच्याच आठवड्यात वडिलांनी तिला कारखान्यात नेलं, चिठ्ठ्या चिकटवायला. अक्षरं तिने तिथे ओळखली, घडी न घातलेल्या मोठ्या कागदावर, जिथे पहिल्या पानाशेजारी सोळावं असतं आणि अर्धी पानं डोक्यावर उभी असतात. ती एकटी, हळूहळू, कुणाचं लक्ष नसताना शिकली. पण त्याला फार वर्षं लागली. आजही ती बोट ठेवूनच वाचते.

"माझीही शिरायची एकमेकांत," ती म्हणाली. "मग मी कागदाला खिडकी पाडली. एका वेळी एकच शब्द दिसेल एवढी. गर्दी नसली की बिचारी अक्षरं गप्प उभी राहतात."

"तू? पण तू तर पुस्तकं करायचीस!"

"मिठाईवाला कुठे सगळी मिठाई खातो?"

टकळी हसली नाही. "मला ढब्बूचं पुस्तक देणार आता?"

"मी आईशी खोटं नाही बोलणार. पण आधी मी बोलते. तू माझ्या मागे उभी राहा."

दुपारी पंडित आणि ढब्बू खेळायला गेले आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी आत्याने सांगितलं. टकळी तिच्या मागे, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून. सूनबाईचा हात नळाखाली तसाच राहिला. पाणी वाहत होतं.

"वर्षभर," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर वर्षभर. आणि मी लोकांना सांगत सुटले, माझी पोरगी किती छान वाचते म्हणून." तिने नळ बंद केला. "कसली शिकवते मी? यांना शाळेतच घातलं पाहिजे. माझ्या हातून नाही व्हायचं हे."

पदर जोरात ओढला गेला.

"ऐक," आत्या म्हणाली. या घरात तिने आजवर कुणाला उपदेश केला नव्हता. आपण चौथीची पायरी न चढलेली बाई, हे ती विसरत नसे. "कारखान्यात कधीकधी घडी चुकीच्या जागी शिवली जायची. सोळाव्या पानानंतर एकदम तेहतिसावं. म्हणून पुस्तक कुणी फेकून नाही देत. जिथे चुकलं तिथवर उसवायचं आणि परत शिवायचं. कागद चांगलाच असतो गं."

"पण फॉर्मवर एका मुलाला एकच चौकट आहे, आत्या. गणित तर ही पंडितच्या पुस्तकातलं तोंडी करते. हिला पहिली लिहू की तिसरी?"

"दोन्ही मागव. पुढचं माझ्याकडे लागलं."

"आणि पुठ्ठ्यावर हा एवढा मोठा आकडा असतो," मागून टकळीचा आवाज आला. "पहिलीचा तर लाल."

सूनबाई वळली, खाली बसली, आणि तिने मुलीला आत्याच्या पाठीमागून आपल्याकडे ओढून घेतलं. "तू मला सांगायचं होतंस गं," एवढंच म्हणाली. मग जरा वेळाने, ओल्याच हाताने तिचे केस मागे सारत, "ती म्हातारी कशी खोकायची, परत करून दाखव."

पुस्तकं तीन आठवड्यांनी आली. आत्याने टेबलावर जुनी चादर पसरली, लाकडी पकड मांडली आणि पुठ्ठे सोलायला घेतले. पंडितचा जीव कासावीस झाला.

"आत्याआजी! नवी कोरी पुस्तकं आहेत ती!"

"हजारो नवी कोरी केलीत मी. मला नको सांगूस."

टकळीसाठी तिने पहिल्या पातळीचं वाचन आणि तिसऱ्या पातळीचं गणित एकाच पाठीत शिवलं. ढब्बूचं त्याच्या मापाचं झालं, पंडितचं त्याच्या. मग तिघांनाही एकच निळसर करडं कापड चढवलं. पुढे काही नाही, मागे काही नाही.

"माझा पाच तरी दिसू दे!" पंडित कळवळून म्हणाला. "नाहीतर लोकांना कळणार कसं?"

"तू बोलायला लागलास की कळतं लोकांना," आत्या म्हणाली.

टकळीने आपलं पुस्तक उचलून पाहिलं. तिघांत तेच सगळ्यात जाड होतं. ही गोष्ट तिने तीन दिवस सर्वांना सांगितली.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. सूनबाई सकाळी पुठ्ठ्याची खिडकी धरी, टकळी एकेक शब्द काढी. कधी तीन ओळी झाल्या, कधी रडणं झालं. एकदा पुस्तक अंगणात भिरकावलंही गेलं, ते ढब्बूने आणून दिलं. आत्या मध्ये पडली नाही. दर रविवारी ती तिन्ही पुस्तकं आवरायची आणि टकळीच्या पुस्तकाची कड खिडकीपाशी नेऊन पाहायची. करडी रेघ केसभर पुढे सरकलेली असायची. कधी तेवढीही नाही.

वर्ष फिरून आलं. पूल पुरा होत आला होता, पुढच्या गावाची पत्रं येऊ लागली होती. सूनबाईने पुन्हा फॉर्म पुढ्यात घेतला, पण या वेळी कुणाला वाचायला उभं केलं नाही. टकळीचं पुस्तक उचलून तिने आत्यासारखंच खिडकीशी आडवं धरलं. बराच वेळ पाहिलं, पेन उचललं आणि फॉर्म भरला.

सामान बांधताना आत्याची ट्रंक उघडी होती. टकळीने तळाशी हात घातला आणि एक लहानसं पुस्तक वर काढलं. हिरवं कापड, बारीक सुबक शिवण. आत्याने ते आयुष्यात चारदा नव्याने बांधलं होतं.

"हे कुणाचं?"

"माझं. तिसरीचं."

टकळीने पुस्तक बंद ठेवून कड पाहिली. आता तिलाही न उघडता वाचता येत होतं. सुरुवातीला नखभर करडी रेघ, पन्नास वर्षांत पिवळी पडलेली. पुढे सगळं कोरं.

"इथे थांबलीस?"

"थांबवलं."

"पण नंतर तर तुला वाचता यायला लागलं ना?"

आत्या लुगड्याची घडी घालत राहिली. "तेव्हा ते उघडायची छाती होईना," ती म्हणाली. "दर वेळी नवं कापड चढवायची आणि ठेवून द्यायची."

बाहेर सूनबाई कुणालातरी खोक्यांवर चिठ्ठ्या लावायला सांगत होती. टकळी ट्रंकेला टेकून खाली बसली. जिथे करडं संपत होतं तिथे तिने नखाने पान वेगळं केलं आणि शब्दाखाली बोट ठेवलं. वाचायला लागली, अडखळत, कुणाचाही आवाज न काढता, तिच्या स्वतःच्या आवाजात.

दोन ओळी झाल्यावर आत्याने घडी बाजूला ठेवली.

"हात धुतलेस का गं?"

टकळीने पुस्तकातून मान वर केली. सकाळपासून ती खोकी ओढत होती, बोटं धुळीने काळी झाली होती.

"नाही."

"असू दे," आत्या म्हणाली आणि जवळ सरकून बसली. "वाच."