शेवंती अडली तेव्हा

देवाकडे काय मागावं याला काही धरबंध असावा की नाही? माणसं मूल मागतात, नोकरी मागतात, बोटीला मासळी मागतात. मिरकरवाड्याच्या रुपालीने मागितलं ते कुठल्याच आईने मागितलं नसेल. आपली पोर हरावी, असं तिने मागितलं.

आता, सरळ तसं नाही मागितलं. शनिवारी सकाळी नारळ घेऊन ती देवळात गेली. बाळा गुरवाने विचारलं, "काय गो, कसलं गाऱ्हाणं घालायचं?"

"समीक्षाची उद्या घोड्याची स्पर्धा हाय मिरजोळ्याला. ती पडता नये."

गुरवाने नारळ हातात धरून खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीची पोर उद्या घोड्यावर बसतेय. तिची राखण कर, सुखरूप घरी आण रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सभामंडपात टेकलेले म्हातारे एकसुरात म्हणाले.

एवढ्यावर थांबायचं ना! पण रुपालीची जीभ वळवळलीच. "आणि ती घोडी उडी मारायच्या आधीच अडू दे, म्हणून सांग."

गुरव बघतच राहिला. "अगो, मग पोर जिंकायची कशी?"

"नाय जिंकली तरी चालंल. तू सांग."

सांगितलं बिचाऱ्याने. म्हाताऱ्यांनी सवयीने त्यालाही होय म्हटलं.

तिला हसू नका. नवरा रघू मासेमारीच्या बोटीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, एकदा गेला की आठवडा आठवडा दर्यावर. गेल्या वादळात त्याच्या बोटीचा पत्ता लागेना, तेव्हा रुपाली दिवसभर जेटीवर हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तो आला परत. त्यानंतर महिन्याभरातच समीक्षा घोड्यावरून पडली आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. एका बाईने जीव टांगून टांगून किती ठिकाणी टांगावा? घोडेस्वारी बंद कर म्हणायची तिची छाती नव्हती, कारण पोर घोडीवर बसली की तिचा चेहरा असा खुलायचा की बघत राहावं. म्हणून मग हा आडमार्ग.

रविवारी मिरजोळ्याच्या मैदानावर कोल्हापूरची, पुण्याची मुलं आली होती. त्यांच्या आया टोप्या आणि काळे चष्मे घालून खुर्च्यांवर बसल्या होत्या. रुपाली कठड्याला टेकून उभी राहिली, शेवटच्या अडथळ्याच्या बरोबर समोर. पोर पडलीच तर पहिली आपण पोचलो पाहिजे, हा तिचा हिशोब.

समीक्षा शेवंती घोडीवर बसून आत आली. पांढरी विजार, काळं हेल्मेट, पाठ ताठ. पहिला अडथळा गेला, दुसरा गेला. शेवंती अशी उडत होती की खुर्चीवरच्या आयांनीसुद्धा चष्मे वर केले. रुपालीच्या मनात धास्ती आणि अभिमान, दोघांची नुसती झोंबाझोंबी. शेवटचा अडथळा आला तसे तिने हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

टापा थांबल्या. लोकांनी "अरेरे" केलं. रुपालीने डोळे उघडले तर घोडी दांड्यांसमोर खिळलेली आणि समीक्षा तिच्या मानेवर ओणवी. दुसऱ्यांदा वळवून आणली, पुन्हा तेच. घंटा वाजली. दोनदा घोडी अडली की स्वार बाद, हा नियम रुपालीलाही ठाऊक होता.

झालं! देवाने ऐकलं होतं. रुपालीला वाटलं, जीभ हासडून समुद्रात टाकावी. मेली मी आई आहे की वैरीण?

पण खरं संकट पुढेच होतं. पागेशी घोडीचे मालक भावेशशेठ शिकवणाऱ्या दर्शना मॅडमना सांगत होते, "एकदा अडायला लागलेली घोडी कामाची नाही. उद्याच मुरुडला पाठवतो. किनाऱ्यावर पर्यटक फिरवील." समीक्षा शेवंतीच्या मानेला बिलगून उभी होती. रडत नव्हती, तेच वाईट.

रुपाली पुढे झाली. "शेठ, घोडीचा दोष नाय. मी देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, ती अडू दे म्हणून."

भावेशशेठ हसले. दर्शना मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"आई, गप्प बस," समीक्षा म्हणाली. "देवाने नाही अडवली. मी अडवली. लगाम मीच खेचला."

"तू? कशाला गो?"

"समोर तू होतीस. हात जोडून, डोळे मिटून. बाबांची बोट सापडत नव्हती तेव्हा उभी होतीस, अगदी तशी. मला वाटलं, आता काहीतरी होणार. दुसऱ्यांदा तुझ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं."

"मग मॅडमना बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझी आई घाबरते म्हणून?"

रुपालीला त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं. पोर एवढा वेळ आईची अब्रू झाकत उभी होती आणि त्यापायी आपली घोडी गमवायला निघाली होती.

दर्शना मॅडम शेठना म्हणाल्या, "स्पर्धा संपली की पुन्हा एकदा उडवून बघू. मग ठरवा." शेठ कसेबसे कबूल झाले.

मैदान रिकामं झालं. समीक्षाने रिकिबीत पाय घातला आणि खाली न बघता म्हणाली, "आई, तू गेटच्या बाहेर थांब."

रुपाली गेली. गेटला पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे टापा सुरू झाल्या. हात आपोआप एकमेकांकडे जायला लागले तसे तिने ते पदरात गुंडाळले. टापा जवळ आल्या, जोरात आल्या, आणि मग क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. त्या क्षणात तिचा जीव गेला म्हणा ना. मग धप्प आवाज झाला आणि टापा तशाच पुढे निघाल्या. दांडा एकही पडला नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ शेठची टाळी आली.

समीक्षा धावत बाहेर आली, घामाने चिंब, केस कपाळाला चिकटलेले. "आई, गेली गो! अशी गेली! शेवंती इथेच राहणार, शेठ म्हणाले. बघायला हवं होतंस तू!"

"तूच बाहेर काढलंस ना मला."

पोरीचा चेहरा जरासा उतरला. तिने आईचा हात धरला, बोटं दाबली. मग हळूच, वडीलधारं माणूस लहानाची समजूत काढतं तशा आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळीही बाहेरच थांबशील?"

आनंद झाला होता रुपालीला, खोटं कशाला बोला? पोर जिवंत होती, घोडी राहिली होती. पण आपण नसलो की आपली लेक नीट उडते, हे पचवायला कुठल्या आईला सोपं जाईल?

"थांबेन," ती म्हणाली.