दोनशे तासांचं पत्र

अर्जातला शेवटचा रकाना तेवढा रिकामा होता. मातृभाषा शिकवल्याचा किमान दोनशे तासांचा अनुभव, संस्थेच्या लेटरहेडवर, तारखा आणि तासांसह. बाकी सगळं मी भरलं होतं. बावन्नाव्या वर्षी स्वतःचं दोन पानं कौतुक लिहायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो, पण तेही उरकलं होतं.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीतल्या एका प्रायमरी शाळेत मी चौदा वर्षं टीचिंग असिस्टंट आहे. म्हणजे नाकं पुसते, पेन्सिलींना टोक करते, आणि नवीन आलेलं एखादं मूल इंग्रजी कळत नाही म्हणून रडायला लागलं की मला हाक मारतात. युनिव्हर्सिटीचा हा कोर्स केला की दोन भाषांतून शिकवायची परवानगी मिळते, आणि मग स्वतःचा वर्ग मिळू शकतो. माझ्यासारख्या नागपूरच्या बी.एड.वाल्यांना अनुभवावर घ्यायचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून इथलीच डिग्री लागणार. मुदत होती पाडव्याच्या प्रोग्रॅमनंतरच्या बुधवारपर्यंत.

दोनशे तास माझ्याकडे ढिगाने होते. मराठी मंडळाच्या शाळेत अकरा वर्षं दर शनिवारी मी दीड तास शिकवत आलेय. फक्त ते कुठे लिहिलेले नव्हते, आणि त्यात दोष माझाच. पहिल्या वर्षी आमचा सेक्रेटरी हरीश सह्यांसाठी एक रजिस्टर घेऊन आला होता. मीच त्याला उडवून लावलं. "अरे, आपण घरचीच माणसं. हजेरी कसली लावतोस?" सगळे हसले आणि रजिस्टर कुठेतरी गेलं. पुढे हरीशही कार्डिफला गेला. फोटो बघावेत, तर प्रत्येक फोटोत मुलं आहेत आणि मी नाही, कारण फोन माझ्याच हातात असायचा.

मंडळाचे अध्यक्ष जयंतराव. रिटायर्ड डॉक्टर, सत्तरी उलटलेली, माणूस सज्जन. त्यांना फोन केला.

"अहो सुलक्षणाताई, पत्र काय मागता," ते म्हणाले, "पाडव्याच्या प्रोग्रॅममध्ये तुमचा सत्कारच करतो. कमिटीच्या केव्हाचं मनात आहे."

"सत्कार नको हो. फक्त तास लिहून द्या. दोन ओळी पुरेत."

"लेखी मिळेल ना. लीव्ह इट टू मी."

लेखी म्हणाले म्हणून मी गप्प बसले.

प्रोग्रॅमच्या शनिवारी, आमची शाळा भरते त्याच हॉलवर शाल आली, नारळ आला, आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र आलं. जयंतरावांनी ते माइकवरून सावकाश वाचलं. मी प्रत्येक वाक्यात आकडा शोधत होते. 'गेली अनेक वर्षे' आलं. 'मातेच्या ममतेने' आलं. 'ज्यांच्या कार्याचे मोजमाप होऊ शकत नाही' हे आलं, त्यावर टाळ्या पडल्या, आणि खाली सही होती. संपलं. मी हसून वाकून नमस्कार केला. आपल्याकडे माणसाला सगळं देतात, तो मागतो ते सोडून.

फ्रेम घेऊन मी हॉलच्या किचनमध्ये गेले आणि पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर बसले. रडूही येत नव्हतं. नुसता कंटाळा आला होता, सगळ्याचा. तेवढ्यात श्रीखंडाचं रिकामं भांडं घेऊन उर्वी आत आली. माझ्या पहिल्या बॅचची मुलगी. नऊ वर्षांची होती तेव्हा आली, सात वर्षं शिकली. आता वीस वर्षांची आहे आणि वीकेंडला घरी आली होती.

"टीचर, तुम्ही ओके आहात ना?"

मी तिला सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं.

"पण माझा सगळा वही आहे ना घरी, लॉफ्टमध्ये," ती म्हणाली. "आई फेकणार होता, मी नो म्हटलं. तुम्ही प्रत्येक शनिवारी होमवर्कवर डेट टाकायचे."

टाकायचेच. नागपूरच्या शाळेत मोठ्या बाईंनी लावलेली सवय. वही तपासली की तांबड्या पेनने तारीख आणि सही, एकही चुकवायची नाही. उर्वीचं घर दहा मिनिटांवर. ती गाडी घेऊन गेली आणि पिशवीभर वह्या घेऊन आली.

जयंतराव खुर्च्या रचत होते. त्यांच्यासमोरच्या टेबलावर मी वह्या ठेवल्या आणि काय हवंय ते पुन्हा एकदा सांगितलं.

"अहो, मग सांगा ना किती लिहू. करतो सही. तुमच्यावर विश्वास नाही का माझा?"

"विश्वास नकोय," मी म्हणाले. "मोजा."

"मी?"

"तुम्हीच."

आवाज चढला असावा, कारण उर्वीने मान खाली घातली.  जयंतरावांनी चष्मा लावला, बसले आणि पहिली वही उघडली. प्रोग्रॅमच्या कागदाच्या मागे ते पेन्सिलने पाच-पाचाच्या रेघा ओढत होते. मी समोरच्या खुर्चीत बसले, मांडीवर शाल घेऊन, आणि कधी डोळा लागला कळलंच नाही. जागी झाले, घड्याळ बघितलं, तेव्हा हॉल रिकामा झाला होता आणि ते शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर होते.

"एकशे त्र्याण्णव शनिवार," ते म्हणाले. रेघांवरून बोट फिरवून पुन्हा म्हणाले, "एकशे त्र्याण्णव. मी दर शनिवारी इथेच बाहेर चहा पीत बसलेला असायचो."

"दीड-दीड तास धरले तर दोनशे नव्वदच्या आसपास तास. आणि या एकट्या उर्वीच्या वह्या आहेत. ती आली नाही ते शनिवार यात नाहीत. ती शाळा सोडून गेली त्यानंतरची चार वर्षंही नाहीत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. टेबलाच्या कडेला मानपत्राची फ्रेम होती, तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"ते वाक्य माझं होतं," ते हळूच म्हणाले. "मोजमाप होऊ शकत नाही, ते. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांची दयाही आली. पण गोड बोलण्याइतकं त्राण उरलं नव्हतं.

"होऊ शकतं, जयंतराव," मी म्हणाले. "चाळीस मिनिटं लागली."

त्यांनी बॅगेतून लेटरहेड काढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि आधी तारीख घातली.